जागेवरून भांडण

भांडणाला कारण लागतं, हा एक गोड गैरसमज आहे. भांडणाला लागते ती जागा. लोकलमधली चौथी सीट, कोकणातल्या घरामागचा दीड हाताचा बांध, सोसायटीच्या जिन्याखालची स्कूटर लावायची जागा, असल्या एवढ्याएवढ्याशा जागांवरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलेलं आपण पाहतो. पण या जागांना निदान काही भाव तरी असतो. जिला भाव नाही, जिच्यावर काही बांधता येत नाही, जी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, अशा जागेवरून जिवाच्या आकांताने भांडणारी एकच जमात माझ्या पाहण्यात आहे, ती म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची. कीबोर्डवर तळाला ते लांबुळकं बटण असतं ना, त्याने पडणारी जागा! ती दोन असावी की चार असावी, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही अंगांना असावी की नसावी, आणि मुळात ती त्या बटणाने पाडावी की डावीकडच्या टॅबच्या बटणाने, यावर चांगली पगारदार, इन्कमटॅक्स भरणारी, एरवी पोराबाळांत रमणारी माणसं दुपारच्या चहापासून रात्रीच्या बसपर्यंत वाद घालू शकतात. मी याच धंद्यातला असल्यामुळे हे काही सांगोवांगीचं नव्हे.

हा वाद मिटवायला यंत्रं निघाली आहेत. त्यांना फॉरमॅटर म्हणतात. तुम्ही प्रोग्रॅम लग्नघरातल्या चपलांसारखा अस्ताव्यस्त लिहा. फॉरमॅटर येतो, जोडीला जोड लावतो आणि सगळं रांगेत मांडून ठेवतो. अर्थाला हात लावत नाही, फक्त मांडणी बदलतो. आता यंत्र म्हटलं की त्याचं सेटिंग आलं, आणि सेटिंग म्हटलं की ते कोणी करायचं हे आलं. म्हणजे भांडण मिटवायला आणलेल्या पाहुण्याला बसवायचं कुठे यावरून नवं भांडण. नाटकाला समीक्षक आहेत, गाण्याला आहेत, हल्ली मिसळीलासुद्धा आहेत. या फॉरमॅटर मंडळींचे गुणदोष मात्र आपल्याकडे कोणी नीट सांगितलेले नाहीत. ती जागा रिकामी दिसली, म्हणून खिडकीतून रुमाल टाकतो आहे.

उदाहरणाला पायथन ही भाषा घेऊ. नाव अजगराचं वाटलं तरी ते मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून घेतलेलं आहे. हॉलंडच्या गिडो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ साली लोकांपुढे ठेवली. इतर बऱ्याच भाषांत कुठलं वाक्य कशाच्या पोटात आहे हे दाखवायला महिरपी कंस असतात. पायथनने कंसाला रजा दिली आणि ते काम समासावर सोपवलं. ओळ काठाला असली तर ओसरीवर, चार जागा आत असली तर माजघरात, आणखी चार आत गेली तर देवघरात. ‘पाऊस असेल तर’ या ओळीखाली ‘छत्री घे’ हे चार जागा आत लिहिलं, तर छत्री पावसातच घेतली जाते. काठाला लिहिलं तर ती मे महिन्याच्या उन्हातही निघते. शाळेत समास सोडला नाही तर मास्तर फार तर एक छडी मारत. इथे समास चुकला तर प्रोग्रॅम चालायचा थांबतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतंच काही करत चालत राहतो. त्यामुळे माजघरातल्या ओळीला ओसरीवर काढायचा अधिकार कुठल्याही फॉरमॅटरला नाही. बाकीच्या सगळ्या जागा मात्र भांडणाला मोकळ्या.

या मोकळ्या जागांसाठी २००१ साली एक स्मृती रचली गेली. रॉसम आणि बॅरी वॉर्सॉ यांनी ती लिहिली, पुढे इतरांनी भर घातली. तिला ‘पेप-८’ म्हणतात. पायरी चार जागांची असावी, स्वल्पविरामानंतर जागा सोडावी पण त्याच्या आधी सोडू नये, ओळ ७९ अक्षरांपलीकडे जाऊ नये, अशी ती कलमं. ७९च का? तर जुन्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं मावत, त्यातलं एक घर मोकळं. पडद्यावर ८०च का? तर त्याआधीच्या आयबीएमच्या भोकं पाडायच्या कार्डावर ८० रकाने असत, आणि ते कार्ड १९२८ सालचं. म्हणजे आज हिंजवडीत काचेच्या इमारतीत, हातभर रुंद पडद्यासमोर बसलेला मुलगा ओळ तोडतो ती शंभर वर्षांपूर्वीच्या पुठ्ठ्याच्या मापाने. पणजोबांच्या मापाचा कोट पणतवाला घालायचा आणि वर ‘हात आखूड ठेव’ म्हणायचं, त्यातला प्रकार.

पण ग्रंथ म्हणून पेप-८ चांगला आहे, हे मी प्रांजळपणे सांगतो. सगळ्या टीमचं एकमत असेल तर ओळ ९९ अक्षरांपर्यंत न्यायला त्यात परवानगी आहे. एकेरी अवतरणचिन्हं वापरायची की दुहेरी, यावर तो शहाण्या सासऱ्यासारखा गप्प बसतो. कुठलंही एक धरा आणि तेच चालवा, एवढंच म्हणतो. आणि सुरुवातीलाच एक भाग असा घातला आहे की, नियम पाळल्याने कोड वाचायला कठीण होत असेल तर नियम बाजूला ठेवा. माझा अनुभव असा, की पेप-८ तोंडपाठ असलेल्यांना नेमका हाच भाग पाठ नसतो.

या पाठांतराचं काय होतं ते मी एका ऑफिसात पाहिलं आहे. या धंद्यात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्या दोघातिघांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. त्याला रिव्ह्यू म्हणतात. तिथे दोन पक्ष होते, एकेरीवाले आणि दुहेरीवाले. एकेरी अवतरणावरून सुरू झालेलं बोलणं एकेरीवर यायला फारसा वेळ लागत नसे. नव्याने लागलेल्या एका मुलीने बिल आकारणीचा दीडशे ओळींचा कोड तपासायला टाकला, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर तेवीस शेरे पडले.

“अगं, स्वल्पविरामापुढे जागा कुठाय?”

“टाकते सर.”

“आणि ही अवतरणं एकेरी का?”

“बाकीच्या फायलीत तशीच आहेत, सर.”

“बाकीच्या फायली मी तपासल्या नव्हत्या.”

मग एकेरीवाल्यांचे पुढारी मधे पडले आणि त्या मुलीचा कोड बाजूला राहून दोन पुढाऱ्यांचीच जुंपली. त्या कोडात एक ओळ होती, रक्कम पूर्ण रुपयांत आणणारी. पायथनचा ‘राऊंड’ २.५चे ३ करत नाही, २ करतो, ३.५चे मात्र ४ करतो. बरोबर मधोमध आलं की तो सम आकड्याकडे झुकतो. हिशेबशास्त्रात ही मान्य रीत आहे. पण कोपऱ्यावरच्या वाण्याला विचाराल तर पन्नास पैशांचा पुढचा रुपया होतो, आणि त्या ऑफिसच्या गिऱ्हाइकालाही तेच हवं होतं. तेवीस शेऱ्यांत या ओळीबद्दल अक्षर नव्हतं. पुढे महिन्याभराने हिशेबखात्यातल्या एका बाईंनी ती भानगड शोधली. त्यांना पायथन येत नव्हतं. बेरीज येत होती.

म्हणून म्हणतो, या जागेच्या भांडणाला हसण्यावारी नेऊ नये. आपण मन लावून वाचलं असं दाखवायला स्वल्पविरामासारखी सोय नाही. अर्थ वाचायला डोकं लागतं, स्वल्पविराम पाहायला चष्मा पुरतो.

आता यंत्रांकडे येऊ. पहिला ‘ऑटोपेप-८’. हा वृत्तीने म्युनिसिपालिटीचा माणूस. जिथली तक्रार असेल तिथलाच कचरा उचलणार. पेप-८ जिथे मोडला असेल तेवढी दुरुस्ती करतो आणि निघून जातो. काम स्वच्छ, पण वाद जागच्या जागी. कारण नियमात बसणाऱ्या चार मांडण्या असल्या तर त्या चारही याला चालतात, आणि आपल्याला नेमकी शेजाऱ्याची चालत नसते.

दुसरा ‘याप्फ’, गूगलमधल्या मंडळींनी २०१५ साली काढलेला. नावाचा अर्थच ‘आणखी एक पायथन फॉरमॅटर’. म्हणजे बारशालाच विनय. हा मोठा हिशेबी. ओळ कुठे तोडावी हे ठरवताना तो प्रत्येक तोडीला दंड लावतो आणि ज्या मांडणीचा एकूण दंड सर्वांत कमी ती निवडतो. कंस उघडल्याबरोबर तोडली तर अमुक दंड, हद्दीबाहेर गेलेल्या प्रत्येक अक्षरामागे तमुक दंड. विद्वत्ता वादातीत आहे. पण हे दंड किती असावेत ते तुम्ही सेटिंगमध्ये भरायचं! अशा खुंट्या त्याला डझनावारी आहेत. तंबोऱ्याला चार खुंट्या असतात, तरी तो जुळेपर्यंत पुढच्या रांगेतले लोक पान खाऊन येतात. इथे तर ज्यांना मुळात गायचंच नाही त्यांना उत्तम निमित्त मिळालं. पूर्वी ‘जागा किती’ यावर बैठका होत. याप्फ आल्यावर ‘दंड किती’ यावर होऊ लागल्या.

मग २०१८ साली पोलंडच्या वुकाश लांगा यांनी ‘ब्लॅक’ आणला. नाव घेतलं आहे हेन्री फोर्डच्या गाडीवरून. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात काळ्याच रंगात मिळे. गिऱ्हाइकाला रंग निवडायची मुभा होती, पण काळ्यापुरती. ब्लॅकचा बाणा तोच. मांडणीच्या बारीकसारीक गोष्टींवरचा ताबा तुम्ही सोडायचा, हे तो पहिल्या पानावरच सांगतो. आपल्या भाषेत याला हक्कसोडपत्र म्हणतात. सही करा आणि बांधावरून घरी जा. अर्थाला धक्का लागू नये म्हणून आधीचा आणि नंतरचा कोड यंत्राच्या लेखी एकच आहे ना, हेही तो स्वतः पडताळून पाहतो.

सेटिंग म्हणाल तर पायप्रोजेक्ट नावाच्या फायलीत त्याच्या नावाखाली बोटांवर मोजण्याइतक्या गोष्टी लिहिता येतात. त्यातली मुख्य ओळीची लांबी. ती मुळात ८८ ठेवली आहे: ८० आणि वर दहा टक्के. बिल्डर लोक ज्याला वाढीव चटईक्षेत्र म्हणतात, ते हेच. अवतरणचिन्हं दुहेरी. तुम्ही शिफ्टचं बटण न दाबता एकेरी टाइप करा, मी मागाहून दुहेरी करून घेईन, असं त्याचं म्हणणं. यावर एकेरीवाल्यांनी असा काही गिल्ला केला की त्याच वर्षी ‘अवतरणांना हात लावू नये’ अशी पळवाट द्यावी लागली. पूर्ण न झुकणारा असा या जगात फक्त टांगा स्टँडवरचा घोडा असतो.

ब्लॅकचा एक बारकावा मात्र मला मनापासून आवडतो. यादीतल्या शेवटच्या वस्तूपुढेही तुम्ही स्वल्पविराम दिलात, तर ती यादी एका ओळीत मावत असली तरी तो एकेक वस्तू एकेका ओळीवर ठेवतो. शेपटीचा स्वल्पविराम नसेल आणि यादी मावत असेल, तर एका ओळीत. सगळे हक्क सोडून दिल्यावर घरातल्या म्हाताऱ्याला परसातली एक तुळस राखून ठेवावी, तसा हा एवढासा स्वल्पविराम माणसाकडे राहिला आहे.

ब्लॅक घरात आणताना त्रास होतो तो जुन्या नोकरांचा. चुका दाखवणारा ‘फ्लेक-८’ आधीपासून असतो. तो ७९ची शपथ घेतलेला, ब्लॅक ८८चा. ब्लॅक काही ठिकाणी विसर्गासारख्या त्या दोन टिंबांच्या अलीकडे जागा सोडतो, आणि फ्लेक-८ तिथे ‘ई-२०३’ नावाची तक्रार नोंदवतो. माणसांनी जागेवरून भांडणं सोडलं, तर यंत्रांनी घेतलं! उपाय सोपा आहे: फ्लेक-८च्या स्वतःच्या फायलीत मर्यादा ८८ लिहायची आणि ई-२०३ वर त्याला गप्प करायचं. तसाच आयात केलेल्या वस्तूंच्या याद्या लावणारा ‘आयसॉर्ट’. त्याच्या सेटिंगमध्ये नुसतं ‘प्रोफाइल ब्लॅक’ असं लिहिलं की तो निमूट सुनेसारखा वागू लागतो. आणि सगळ्यांनी ब्लॅकची एकच आवृत्ती वापरायची. ब्लॅक आपली रीत बदलतो ती २०२२ पासून वर्षातून एकदाच, जानेवारीत. घरात दोन वर्षांची दोन पंचांगं असली तर एकाची एकादशी दुसऱ्याची द्वादशी होते, आणि उपास कोणाचाच घडत नाही.

पहिल्या दिवशी ब्लॅक सगळ्या जुन्या कोडावरून फिरवला की आणखी एक गंमत होते. कुठली ओळ कोणी लिहिली हे सांगणारा गिटचा एक हुकूम आहे, त्याचं नावच ‘ब्लेम’, म्हणजे दोष द्या. ज्या बिचाऱ्याने ब्लॅक फिरवला त्याच्या नावावर कंपनीच्या साऱ्या इतिहासाचे दोष चढतात. २०१९ सालापासून गिटमध्ये त्यावर उतारा आहे. तेवढा एक बदल वगळून दोष द्यावा, असं एका फायलीत लिहून ठेवता येतं. नवस फेडायच्या आधी ही फाईल करावी.

त्या ऑफिसातही शेवटी ब्लॅक आला. दोन्ही पुढाऱ्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली. आपल्याला हवं ते नाही मिळालं तरी समोरच्यालाही त्याच्या मनासारखं मिळालं नाही, या समाधानात. (एकेरीवाल्यांचं हे समाधान जरा जबरदस्तीचंच म्हणायचं.) दुसऱ्या दिवसापासून रिव्ह्यूत स्वल्पविरामावर बोलायची सोय उरली नाही. आणि मग जे झालं ते मोठं बघण्यासारखं होतं: काहीच झालं नाही. शेरे बंद झाले. पूर्वी जिथे तेवीस शेरे पडत तिथे ‘छान’ एवढाच शब्द उमटू लागला, त्यापुढे वर केलेला अंगठा. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांकडे स्वल्पविरामाखेरीज बोलायला काही नव्हतं, हे ब्लॅकने कोणालाही न दुखवता उघड केलं. असे दोनेक महिने गेले आणि एक दिवस एका ज्येष्ठांच्या कोडावर एकच ओळ पडली: “सर, हा राऊंड मुद्दाम आहे का?” लिहिणारी तीच मुलगी. तो राऊंड मुद्दाम नव्हता.

माझ्या लेखी फॉरमॅटरचा सर्वांत मोठा गुण हा. त्याच्या मांडणीत सौंदर्य आहे असं मी म्हणणार नाही. तो गलका बंद करतो, आणि ज्यांना विचारण्यासारखं काही असतं त्यांचा आवाज ऐकू यायला लागतो.

आता दोष. जादूचा चौरस आपण सगळ्यांनी लहानपणी केलेला आहे: वरच्या रांगेत २, ७, ६, मधल्या रांगेत ९, ५, १, खालच्या रांगेत ४, ३, ८. उभी, आडवी, तिरपी, कशीही बेरीज करा, १५. हे नऊ आकडे पायथनच्या एका यादीत, कौतुकाने, तीन रांगांत मांडून ठेवा. ब्लॅक ते एका ओळीत आगगाडीसारखे जोडतो. आणि शेपटीला स्वल्पविराम असेल तर एकाखाली एक नऊ ओळी पाडतो, वाण्याच्या यादीसारख्या. यंत्राच्या लेखी अर्थ तोच. वाचणाऱ्याच्या लेखी चौरस गेला, म्हणजे जादूच गेली. माणसाने सोडलेली प्रत्येक जागा हट्टाची नसते. काही जागा अर्थाच्या असतात, आणि कुठली कुठली हे ब्लॅकला कळत नाही. गो या भाषेबरोबर येणारा ‘गोफमट’ मांडणीच्या बाबतीत ब्लॅकहूनही हट्टी आहे, पण काही ठिकाणी तो रकाने स्वतःहून एका रेषेत आणतो. ब्लॅकला रकान्यांचं वावडं. म्हणून त्याने एक सोय ठेवली आहे: कोडाच्या टिपणीत ‘फमट: ऑफ’ लिहिलं की तो तिथून डोळे मिटतो आणि ‘ऑन’ लिहिलं की उघडतो. ही सोय वापरावी. चौरसाला वापरावी, आपल्या लाडक्या एकेरी अवतरणाला वापरू नये. ज्या फायलीत दर दहा ओळींना ‘ऑफ’ दिसतं तिथे हक्कसोडपत्र खोटं झालं असं समजावं.

२०२२ साली ‘रफ’ नावाचा गडी आला आणि २०२३मध्ये तोही मांडणी करू लागला. रस्ट भाषेत लिहिलेला असल्यामुळे विलक्षण चपळ. पापणी लवायच्या आत सगळं घर झाडून मोकळा. मांडणी जवळजवळ सगळी ब्लॅकची. फ्लेक-८ आणि आयसॉर्ट यांची बरीच कामंही तोच उरकतो, त्यामुळे नोकरांची आपसातली भांडणं कमी होतात. हे सगळं चांगलं. पण त्याने सेटिंगमध्ये अवतरणं एकेरी की दुहेरी आणि समास जागांचा की टॅबचा, हे दोन प्रश्न पुन्हा विचारले आहेत. तंटामुक्त गावात कोणी सातबाऱ्याचा उतारा फडकवत यावा, तसं झालं.

तेव्हा समीक्षक या नात्याने माझा निर्णय असा: ब्लॅक घ्या किंवा रफ घ्या, पण त्याच्या नावाखाली दोनतीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. एक ओळीची लांबी, एक पायथनची आवृत्ती, आणि हवी तर त्या यंत्राची स्वतःची. चौथी ओळ लिहायचा मोह झाला, तर ती ज्याच्या आग्रहाखातर लिहायची त्याने शेवटच्या रिव्ह्यूत अर्थाबद्दल काय विचारलं होतं, ते आधी काढून पाहा.

मी माझा रुमाल उचलतो. जागा झाली आहे, ज्याला हवी त्याने बसावं. अट एवढीच, की बसल्यावर समोरचं वाचावं.